पेन्सिलीने भरलेला रकाना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आणि माझ्या बाबतीत ही बातमीच आहे — कारण मी न सांगितलेली गोष्ट अख्ख्या भोसरीत शोधून सापडायची नाही. शाळेचं गॅदरिंग असो नाहीतर कुणाचा साखरपुडा, माइक माझ्याकडे येतो. नाही आला तर मी त्याच्याकडे जातो. लोक पोट धरून हसतात. ही एक गोष्ट मात्र प्रत्येक वेळी खिशातच राहिली. का? कळेल. कळल्यावर तुम्ही माझ्याकडे जरा तिरकं बघाल — आत्ताच बघताय, असा मला संशय आहे. बघा. मीही माणसांकडे तसाच बघत आलो.

मी शिक्षक. मराठी आणि नागरिकशास्त्र. चेहरा, आडनाव आणि बोलणं यांवरून माणूस कुठला ते ओळखणं हा माझा लाडका खेळ. स्टाफरूममध्ये चहाची पैज लागायची. हा नगरकडचा, ती खानदेशातली, हा सांगतो पुणं पण हेल कोकणातला. बहुतेक वेळा चहा मलाच मिळायचा.

मग पाचवीत जुनमोनी बसुमतारी आली.

वडील आसामचे, चाकणला एका कंपनीत मशीनवर. मुलीचा चेहरा गोल, डोळे बारीक, दोन घट्ट वेण्या. आणि तोंड उघडलं की — 'व्हय सर', 'न्हाई सर', 'आमी आणतो की'. अस्सल गाववाल्यांची बोली! घरमालकीणबाईंच्या ओट्यावर खेळत मोठी झालेली पोर, दुसरं काय बोलणार? एवढा साधा खुलासा. मला तो पुरला नाही. चेहरा एक सांगतोय, जीभ दुसरंच — म्हणजे कुणीतरी काहीतरी लपवतंय. इतकं चांगलं मराठी येतंच कसं? पैजेत हरलेला माणूस असाच विचार करतो का? मी केला.

हजेरी घेताना मी तिचं आडनाव दवंडीसारखं पुकारायचो. तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यावर थांबून. वर्ग खिदळायचा. तीही हसायची. हसायची ना? — मला तसं दिसलं. किंवा मी तसं बघून घेतलं.

पण कबुली याची नाही. मी अजून गोल गोल फिरतोय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

शाळेत एक मोठं रजिस्टर असतं. नाव, जन्मठिकाण, मातृभाषा, राष्ट्रीयत्व — एकेका मुलाची एक ओळ. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच उतरवतात. माझं अक्षर वळणदार, म्हणून त्या वर्षी नव्या मुलांच्या नोंदी माझ्याकडे आल्या. सगळ्यांच्या ओळी मी शाईने भरल्या. तिचीही भरली. जन्मठिकाण — भोसरी, महापालिकेचं हॉस्पिटल. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यापाशी पेन खाली ठेवलं, पेन्सिल घेतली, आणि बारीक अक्षरात लिहिलं — भारतीय. आधीच्या शाळेचा दाखला समोर होता. त्यावर तोच शब्द शाईत होता. तरी.

मग तिच्या वहीत चिठ्ठी दिली : पालकांनी मूळ कागदपत्रं घेऊन भेटावं. मुख्याध्यापिकाबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. वडील पहिली शिफ्ट संपवून कंपनीच्या गणवेशातच आले. प्लास्टिकच्या फाईलमधून एकेक कागद काढून देत होते. मी प्रत्येक कागद खिडकीच्या उजेडात धरला, मान डोलावली, 'हं' म्हणालो — नाटकात फौजदाराचं काम मी चांगलं करतो. कागदांत खोट नव्हती. मी तसं म्हणालो नाही.

"सर, और क्या लाऊँ?" त्यांनी विचारलं.

"बघू. वर विचारून सांगतो," मी म्हणालो. वर कुणी नव्हतंच. मी होतो.

त्यानंतर तीन वर्षं मी त्या मुलीला नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिक म्हणजे कोण, हे मी फळ्यावर लिहायचो आणि ती वहीत उतरवून घ्यायची. पेन्सिल तशीच राहिली. विसरलो होतो का? नाही. शाईने गिरवायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी स्वतः लातूरकडचा. बाविसाव्या वर्षी इथे खोली घेतली, तेव्हा लोक माझ्या हेलाला हसायचे. आरशासमोर बोलून बोलून मी तो घालवला. पण माझा रकाना कधी कुणी पेन्सिलीने भरला नाही.

आठवी झाल्यावर त्यांनी घर पुनावळ्याला हलवलं. दाखला मागितला. नवा लिपिक रजिस्टर घेऊन माझ्याकडे आला. "सर, हे पेन्सिलीत आहे. दाखल्यावर काय लिहू?"

"रिकामं सोड," मी म्हणालो.

हीच ती गोष्ट. दोन शब्द. ते म्हणताना मी हसतही होतो.

दाखला न्यायला ती एकटी आली. उभ्या उभ्या वाचला. "सर, इथं काय लिवलं न्हाई."

"तिकडची शाळा भरते ते," मी सांगितलं. ते खोटं होतं, आणि तिला ते कळलं. माणूस ओळखण्यात ती माझ्याहून पुढे होती. घडी घालून तिने दाखला दप्तरात ठेवला. मला नमस्कार केला नाही. तिकडे कुणी तो कागद उजेडात धरला का, तिच्या वडिलांना पुन्हा फाईल घेऊन कुणापुढे बसावं लागलं का — मी कधी विचारलं नाही. फोन नंबर रजिस्टरमध्येच होता.

मागच्या महिन्यात शाळेच्या तपासणीची सूचना आली. मी कपाट उघडलं, ते पान काढलं. पेन्सिल फिकी झाली होती, पण दिसत होती. मी पेन काढलं, शब्द गिरवला, शाई वाळल्यावर खोडरबर फिरवलं. तिची ओळ आता इतर ओळींसारखीच दिसते. माझं अक्षर चांगलं आहे. तपासणीत कुणालाही संशय आला नाही.