तोंडातला चमचा

आमचे नाशिकरोडचे शेजारी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. लिव्हरच्या कॅन्सरपुढे औषधं थकली, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी त्यांना नव्या उपचाराच्या चाचणीत घेतलं. डबीएवढं यंत्र आणि त्याला जोडलेला चमचा. तो दिवसातून तीनदा तासभर तोंडात धरायचा, म्हणजे क्षीण विद्युतचुंबकीय लहरी शरीरात जातात.

"जन्मभर मेगावॅट सांभाळले, आणि आता टॉर्चचा सेल मला वाचवणार," ते म्हणत.

फाटक वाजलं की ते चमचा तोंडात घालत. गव्हांकुराचा रस, गोमूत्र, बाबांचा अंगारा आणणाऱ्यांना मग उत्तर द्यावं लागत नसे. वहिनी मला हळूच सांगत, "यंत्र बंद आहे हो, नुसता चमचा धरलाय."

एकदा निफाडचे व्याही म्हणाले, "चमच्यानं कुठं कॅन्सर बरा व्हतो? फेका तो."

शेजाऱ्यांनी चमचा काढला. "गाठ वाढायची थांबलीय, पाव्हणे. कशानं, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण याला नावं ठेवायची, तर मी ठेवीन."

मीही एक विनोद रचून आणला होता. तो चहाबरोबर गिळला.