पिंडासमोरची मीटिंग

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढचं रायपुरात गुढियारीच्या मालधक्क्यावर शिकलो, आणि त्याची मला लाज नाही. हातातलं काम संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, ही तिथली शिकवण. रायपूर राजधानी झालं तेव्हापासून इथल्या पोट्ट्यांना त्यात कमीपणा वाटतो. जेवताना फोन, गाडीवर फोन, आणि वर सांगतात की आम्ही सगळं सोबत करतो. सोबत करतात म्हणजे कशाचंच धड करत नाहीत. माझा पुतण्या त्यातलाच.

मोठा भाऊ गेला तेव्हाची गोष्ट. त्याला शेवटी एकच घोर होता, वहिनीला कोण पाहील. पोरगा एकुलता एक, पुण्यात कंपनीत. बापानं फोनवर विचारलं की म्हणे, देखते हैं बाबा. आणि मागून बटणं दाबल्याची टकटक ऐकू यायची. असं देखता देखता बाप गेला.

दहाव्याला महादेव घाटावर पिंड मांडून बसलो. कावळे पिंपळावर होते, पण खाली येईनात. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिली, असं आपण धरतो आणि घरचे पिंडाला वचन देतात. विधी सांगणाऱ्या महाराजांनी पोट्ट्याला तेच सांगितलं. डोकं भादरलेलं, अंगावर ओलं धोतर, एका कानात फोनचं ते पांढरं बोंड, मांडीवर फोन. त्यानं हात जोडले. "बाबा, आईला मी..." एवढं म्हणाला, आणि तिथंच थांबून कोणाला तरी इंग्रजीत उत्तर देऊ लागला.

"काहून रे, बापाशी बोलून राहिला का साहेबाशी?"

"काका, दोनों हो जाता है. आप टेन्शन मत लो."

बाप थांबला तर चालेल, साहेब थांबायला नको. वहिनी मागच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होती. तिनं पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात एक कावळा उतरला, भाताचं शीत उचललं आणि गेला. मी पाहिलं, महाराजांनी पाहिलं. पोट्ट्याची मान खालीच, बोटं फोनवर. थोड्या वेळानं वर पाहून विचारतो, कौआ आया क्या? महाराज तोंड उघडणार, तर मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पळीनं ताम्हनात पाणी घालत बसले.

"नाही आला," मी म्हटलं. "फोन बंद कर, कानातलं काढ, आणि पुरं बोल."

त्यानं मीटिंगची कारणं सांगितली. मग दर्भाचा कावळा चालतो, असं मोबाईलमध्ये वाचून महाराजांनाच शिकवायला लागला. मी म्हटलं, मी इथून उठत नाही. पायऱ्या तापल्या. शेवटी फोन बंद करून त्यानं माझ्याकडे फेकल्यासारखा दिला आणि हात जोडले.

"बाबा, आईला मी माझ्यापाशी नेतो, एकटं ठेवत नाही."

शेवटच्या शब्दाला आवाज फाटला. एवढं एक वाक्य सलग म्हणायला त्याला बापाचं दहावं लागलं.

मी धोतर झटकून उठलो. "चला. कावळा शिवला."

"कब?"

"तुझी मीटिंग चालू होती तेव्हा."

तो माझ्याकडे रागानं पाहत राहिला. पण मागच्या पायरीवर आईनं ऐकलं होतं, आता शब्द परत घेता येत नव्हता. त्याच महिन्यात तो तिला पुण्याला घेऊन गेला.