फुमिएबाईंची आरोळी

फुमिएबाई ओकाबायाशींनी कोची शहराच्या ग्रंथालयात बत्तीस वर्षं काढली. तिथे कुणी मोठ्यानं शिंकलं, तर त्या अशा बघत की पुढची शिंक त्या माणसाला घरी गेल्यावरच यायची. स्वतःचा आवाज त्यांनी इतका जपून वापरला होता, की निवृत्तीच्या दिवशी तो जवळजवळ कोराच शिल्लक होता.

नवरा तोकुजी मात्र मासळीबाजारात लिलाव पुकारायचा. तो घरात ‘मीठ दे’ म्हणाला की शेजारची म्हातारी मीठ घेऊन यायची.

दर गुरुवारी दोघं मात्सुएबाईंच्या इझाकायात, म्हणजे पिण्याबरोबर खायला देणाऱ्या खानावळीत, जात. बशा लहान, पेले मोठे, आणि जो ओरडेल तोच जेवेल असा खाक्या. भिंतीवर पदार्थांच्या लाकडी पट्ट्या टांगलेल्या. पदार्थ संपला की मात्सुएबाई पट्टी उलटी करत. तोकुजी दारातूनच ‘चिचिको!’ अशी आरोळी ठोकायचा. चिचिको म्हणजे कुप्पा माशाचं हृदय, मीठ लावून भाजलेलं. रोज मोजक्याच बशा निघत.

मग तोकुजीच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, जाताना आवाजही घेऊन गेली. पाच महिने त्यानं पेज आणि मऊ टोफू गिळला. डॉक्टरांनी ‘आता चावून खा’ म्हटलं, त्या गुरुवारी त्यानं पाटीवर एकच शब्द लिहिला: चिचिको.

सहाला पोचले तर खानावळ तुडुंब. “चिचिको, शेवटची बशी हं!” मात्सुएबाईंनी पुकारा केला.

“अहो, आम्हाला द्या ना,” फुमिएबाई म्हणाल्या. आवाज सोया सॉसच्या बाटलीपर्यंत पोचला. त्यांनी हात वर केला. समोरच्या सहाजणांनी आनंदानं पेले वर केले. त्या उभ्या राहिल्या, तर त्या निघाल्या असं समजून कुणीतरी त्यांचं स्टूल पळवलं.

शेजारी मासेवाला हिरोसे बसला होता. “वहिनी, माशीशी बोलताय का? मी मारू हाक?”

तोकुजीनं नकारार्थी मान हलवली आणि पाटीवर लिहिलं, ‘तिलाच मारू दे. घरी जमतं तिला.’

“थापा!” फुमिएबाई पुटपुटल्या.

इतक्यात दारात टाय सैल केलेला एक कारकून आला. त्यानं भिंतीकडे पाहिलं, तोंड उघडलं, “चि...”

“चिचिकोऽऽऽ! एऽऽक! इकडेऽऽऽ!”

खानावळ चिडीचूप. निखाऱ्यावर चरबीचा थेंब पडला तोही ऐकू आला. बत्तीस वर्षांच्या सवयीनं फुमिएबाईंनी स्वतःच्याच ओठांवर बोट ठेवलं.

“चिचिको एक! आलं!” भट्टीजवळचे चौघे आचारी एका सुरात गरजले. पट्टी खाडकन उलटली. कारकुनानं अदबीनं वाकून नमस्कार केला आणि सगळ्यांनी टेबलं बडवायला सुरुवात केली.

“वहिनी, बाजारात जागा रिकामी आहे बरं का!” हिरोसे ओरडला.

“पगार काय देता?” फुमिएबाईंनी विचारलं. तेही शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं.

तोकुजीनं पहिला तुकडा डोळे मिटून सावकाश चावला. मग पाटी पुसून पिशवीत टाकली आणि भिंतीवरच्या पुढच्या पट्टीकडे नुसतं बोट दाखवलं.

फुमिएबाईंनी छाती भरून श्वास घेतला. हिरोसेनं आधीच कानांवर हात ठेवले होते.