हात मागे बांधून

त्या दिवशी पत्र्याची पहिली कॉइल, म्हणजे अख्खं भेंडोळं, माझ्या हातून नासली. मुलुंडच्या कारखान्यात तीन महिन्यांच्या बोलीवर लागलो होतो आणि आठवडा उरला होता. नववीतून शाळा सोडलेल्या मला याआधी दोन ठिकाणांहून काढलं होतं. इथे लाइनवरच्या काकांनी सुपरवायझरला सांगितलं, "माझ्या जबाबदारीवर घ्या." काका माझे कोणी लागत नव्हते. तेही कोकणातले, एवढंच.

आमची लाइन म्हणजे लांबच लांब पत्रा. तो वितळलेल्या जस्तात बुडी मारून सरळ वर निघतो आणि दोन्ही बाजूंनी हवेचे झोत त्याच्यावरचं जास्तीचं जस्त निपटून काढतात. हवा वाढवली की थर पातळ, कमी केली की जाड. थर किती बसला हे सांगणारं गेज मात्र पुढे, पत्रा थंड झाल्यावर. आत्ता हवा फिरवली तर आकडा दीड-दोन मिनिटांनी हलतो.

हे मला पाठ होतं. तरी पडद्यावर एकशेवीसच्या जागी एकशेपाच दिसलं आणि हात बटणाकडे गेला. हवा कमी केली. आकडा तसाच. आणखी कमी केली. तसाच. मग एकदम एकशेसत्तर! घाबरून वाढवत गेलो, तर नव्वदच्या खाली. काका जस्ताच्या पॉटवरची मळी काढून येईपर्यंत अख्खी कॉइल जाड-पातळ, जाड-पातळ.

सुपरवायझर आवाज न चढवता म्हणाले, "पुढची अशी निघाली तर उद्या येऊ नकोस." मग काकांकडे बघून, "आणि तुम्ही पण कोणाची हमी घेत जाऊ नका."

ते दुसरं वाक्य जास्त लागलं. आईने वाडीभर मुलाचं कौतुक सांगितलं होतं, "माझो झील कंपनीत लागलो."

"काका, तुम्हीच चालवा ही कॉइल. माझी वाट लागलीय."

"गप रे मेल्या. हवा एकदाच फिरव, हात मागे बांध आणि मनात गावची वाट चाल. एसटी उतरतोस तिथून घरापर्यंत. दारात पोचलास की आकडा बघ."

पुढची कॉइल आली. एकशेबारा. हवा किंचित कमी केली, हात मागे बांधले. मनात एसटीतून उतरलो. ओढ्यावरचा साकव, काजूची बाग, शाळेची भिंत, पाणंद, आमचं दार. बघितलं तर एकशेदहा. केबिनच्या काचेपलीकडे सुपरवायझर उभे. बोटं बटणाकडे ओढ घेत होती.

"पोचलास पण?" काका म्हणाले. "पळत गेलास ना? परत जा साकवावर. चालत ये."

परत गेलो. पावलं मोजत आलो. तेवढ्यात किती पत्रा खराब जात असेल, उद्या कुठे जायचं, आईला काय सांगायचं, सगळं त्या पाणंदीत माझ्याबरोबर चालत होतं. भिंतीपाशी एकशेचौदा झालं. दारात एकशेबावीस. मग एकशेचोवीसला थांबलं.

लॅबवाल्याने पत्र्याच्या तीन चकत्या कापून त्यांचं वजन केलं, ॲसिडात जस्त उतरवून परत वजन केलं. तिन्ही पास. सुपरवायझरांनी लॅबची चिठ्ठी वाचली, काकांच्या खिशात कोंबली आणि गेले.

"सोड आता हात. चहा घे," काका म्हणाले. बोटं सुटेनात. शेवटी त्यांनीच एकेक सोडवली.

ती चिठ्ठी काका रिटायर होताना मला देऊन गेले. आता ती लाइन मी चालवतो. गणपतीला गावी जातो, एसटीतून उतरतो, साकव ओलांडतो आणि हात आपोआप मागे जातात. पाणंदीत पावलं मोजू लागतो. दारात काय आकडा असेल?

दारात आई असते. "असो काय चलतस रे," ती म्हणते, "म्हाताऱ्यासारखो?"