शिट्टी वाजतेय तोवर श्वास आहे

लोक मला विचारतात, "डॉक्टरीणबाई, तुमच्याकडेच एवढे किस्से कसे काय जमतात?" अहो, सोपं आहे. बाकीच्या डॉक्टरांकडे माणूस पोट दाबून येतो, छाती धरून येतो. आमच्याकडे, कान-नाक-घशाच्या खात्यात, माणूस आला की पहिल्यांदा तोंडच उघडतो. एकदा तोंड उघडलं की काय काय बाहेर पडेल याचा नेम नाही.

मी परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नवी डॉक्टर म्हणून लागले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. रस्त्यावर रोज मोर्चा, रोज घोषणा. आमचे प्रमुख होते दाभाडेसर. उंच, शिडशिडीत, कपाळावर गोल आरसा बांधलेला. फार कमी बोलायचे. वॉर्ड होता वसईच्या सिस्टर लोपीस यांच्या ताब्यात. त्यांचा एकच कायदा, "वॉर्डात राजकारण नको." मंत्री आला असता तरी त्याला त्यांनी चपला काढून, तोंड मिटून आत घेतलं असतं.

* * *

गिरगावातून एक गृहस्थ आले, सोबत बायको. पोशाख कडक इस्त्रीचा, लग्न उशिरा झालेलं, तेही नवंच. घशात काहीतरी अडकलं होतं. श्वास घेताना घर्रघर्र आवाज, तोंडातून लाळ, गिळता येईना.

सरांनी विचारलं, "काय गिळलंत?"

त्यांनी मान हलवली. काही नाही.

"मासा खाल्लात? काटा?"

बायको म्हणाली, "आम्ही मासे खात नाही. सकाळी नुसते पोहे खात होते आणि एकदम गुदमरले."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. मला म्हणाले, "यांना जरा बाहेर बसवा. पाणी द्या." बाई बाहेर गेल्या. दार लागलं, तशी गृहस्थांनी खालचा ओठ खाली ओढून पुढचं खिंडार दाखवलं आणि दोन्ही हात जोडले. दातांची कवळी! लग्नाआधी सांगायचं राहिलं होतं, मग रोज उद्यावर गेलं.

कवळी घशात आडवी, तिची तार रुतलेली. सरांनी सावकाश सोडवून बाहेर काढली. मी ती धुऊन रुमालात गुंडाळून त्यांच्या खिशात सरकवली. घसा सुजलेला होता, म्हणून दोन दिवस ठेवून घेतलं. त्या दोन दिवसांत ते बायकोशी ओठ मिटून, फक्त मानेनं बोलले.

घरी निघताना बाई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "दात धड आहेत ना त्यांचे? मोडले नाहीत?"

मी गडबडले. "तुम्हाला माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. रात्री दात ठेवतात त्या वाटीत रोज ताजं पाणी कोण भरतं असं वाटतं त्यांना?"

* * *

लालबागच्या एका चाळीतून एकदा सात-आठ माणसांचं शिष्टमंडळच आलं. मधोमध परबमामा, गिरणीतले जॉबर, म्हणजे मुकादम. मामांचं म्हणणं एवढंच, "मी खंय घोरतंय?"

शेजारी म्हणाले, "डॉक्टर, घोरतात त्याचं काही नाही. सवय झालीय. पण मध्येच थांबतात. ते थांबले की अख्खी गॅलरी उठून बसते. तेवढा वेळ सगळं गप्प. मग मामा मोठ्यानं आचका देऊन श्वास घेतात आणि आम्ही सगळे परत आडवे होतो."

सर हे ऐकून मनापासून खूश झाले. म्हणाले, "इतकी चांगली हिस्ट्री मला पोस्टग्रॅज्युएट मुलंसुद्धा देत नाहीत."

मामांच्या दोन्ही नाकपुड्यांत पॉलिप होते, द्राक्षांच्या घडासारखे. हवा जायला जागाच नव्हती. सरांनी तारेच्या फासानं एकेक करून काढले. मामांनी नाकानं पहिला श्वास घेतला आणि म्हणाले, "अरे, हॉस्पिटलाक केवढो वास येता!"

पंधरवड्यानं मामी एकट्याच आल्या. डोळे लाल, चेहरा उतरलेला.

मी म्हटलं, "काय झालं मामी? मामा परत घोरायला लागले?"

"घोरणत नाय, ताच तर रडणा आसा," मामी म्हणाल्या. "माका झोप नाय. सारखा उठान नाकाकडे हात धरून बघूचा लागता, आसत काय गेले."

* * *

छोटासाच किस्सा. शिवाजी पार्कच्या एका सुशिक्षित घरातला मुलगा. तोंड सदा उघडं, रात्रभर तळमळ, शाळेत मास्तरांनी मठ्ठ ठरवलेला. आई म्हणाली, "हाका मारून मारून दमतो आम्ही, हा ढिम्म." नाकाच्या मागे ॲडेनॉइडच्या गाठी एवढ्या वाढलेल्या की नाक बंद आणि कानही बंद. बिचाऱ्याला ऐकूच येत नव्हतं. ऑपरेशन झालं.

महिन्याभरानं आई तपासणीला घेऊन आली. मुलगा तोंड मिटून बसलेला, चेहऱ्यावर तरतरी. वर्गात पहिल्या पाचांत आलेला.

"मग आता काही तक्रार?" मी विचारलं.

आईनं त्याला बाहेर पाठवलं. मग म्हणाली, "डॉक्टर, आता त्याला सगळंच ऐकू येतं. आम्ही स्वयंपाकघरात काय बोललो ते सासूबाईंना जाऊन शब्दन् शब्द सांगतो. थोडं कमी करता येईल का?"

* * *

सगळेच दिवस हसण्याचे नव्हते. घटसर्पाची मुलं आली की आमच्या तोंडचं पाणी पळायचं.

परळच्याच एका चाळीतली सहा वर्षांची मुलगी होती. बाप तिला हातांवर आडवी घेऊन धावत आला. घशात पांढरट पडदा धरलेला, प्रत्येक श्वासाला गळ्याखाली खड्डा पडत होता. ओठ निळे. ऑपरेशन थिएटरपर्यंत नेण्याइतका वेळ नव्हता. सरांनी ओपीडीच्या टेबलावरच गळ्याला छेद घेतला आणि श्वासनळीत नळी बसवली. हवा सूं करून आत गेली. बाप भिंतीला टेकून खाली बसला तो उठेचना. सिस्टर लोपीसनी त्याला स्वतःच्या हातानं चहा पाजला.

मुलीला वॉर्डाच्या टोकाला वेगळ्या खोलीत ठेवलं. औषध लागू पडलं, पडदा सुटत आला. पण गळ्यात नळी असली की आवाज निघत नाही. ती नुसती टकामका बघायची. आम्ही कागदावर नाव लिहून घेताना तिच्या आजीनं 'काशी' सांगितलं होतं, म्हणून सगळे तिला काशी म्हणत. सर तर रोज सकाळी दारातूनच विचारायचे, "काय काशी, कशी?" त्यांच्या आयुष्यातली बहुधा ती एकमेव कविता.

ती रोज कपाळाला आठी घालायची. आम्हाला वाटायचं, नळी टोचत असेल.

ड्रेसिंग करताना सिस्टरचं बोट कधी नळीवर पडलं की घशातून बारीक आवाज निघतो, हे पोरीनं हेरलं होतं. एका सकाळी सर आले. "काय काशी, कशी?"

तिनं हात वर केला, एक बोट नळीच्या तोंडावर घट्ट दाबलं आणि खरखरीत आवाजात म्हणाली, "काशी नाय. सुजाता."

बाप मागे उभा होता. डोळे पुसत म्हणाला, "साहेब, आम्ही दीक्षा घेतली ना, तेव्हा नवं नाव ठेवलंय. म्हातारी विसरते. ही नाही विसरत."

सरांनी खिशातून पेन काढलं, खाटेवरच्या कागदावर काशी खोडून सुजाता लिहिलं. मग दाराबाहेर गेले, परत आत आले, आणि म्हणाले, "नमस्कार, सुजाताबाई." तेव्हा कुठे बाई हसल्या.

* * *

जाधव नावाचा एक गिरणी कामगार होता. त्याच्या गल्लीत घोषणा द्यायचं काम त्याच्याकडे. आवाज असा की तो पहिला अर्धा भाग परळला म्हणाला तर दुसरा अर्धा लालबागहून परत यायचा. तो आला तेव्हा त्याच्या तोंडून नुसतं "अं... अं..." निघत होतं. टॉन्सिलच्या मागे मोठं गळू धरलेलं. जबडा जेमतेम बोटभर उघडत होता, श्वास अडत होता, थुंकीसुद्धा गिळता येत नव्हती. दुसऱ्या दिवशी मोठी सभा होती आणि त्याचं सगळं रडणं त्या सभेसाठी होतं.

अशा वेळी बेशुद्ध करून चालत नाही. पू श्वासात जाईल. खुर्चीवर ताठ बसवायचं, डोकं पुढे, आणि एका फटक्यात गळू फोडायचं. आम्ही सगळे मास्क बांधून भोवती उभे. सिस्टरनी सुरुवातीलाच बजावलं, "मिस्टर जाधव, इथं राजकारण नको."

सरांनी सुरी घातली. भसकन सगळं बाहेर आलं. जाधवनं चुळा भरल्या, पाणी गिळून बघितलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

"आता बोलून दाखव काहीतरी," सर म्हणाले.

जाधवनं छाती भरून श्वास घेतला. "संयुक्त महाराष्ट्र..."

आणि मास्कच्या आडून कुणाचा तरी बारीक, पण अगदी खणखणीत आवाज आला, "झालाच पाहिजे!"

सर वळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वॉर्डबॉयकडे पाहिलं. सिस्टर लोपीस खाली मान घालून गॉजचे तुकडे मोजत होत्या. मोजून झाल्यावर त्यांनी ते परत पहिल्यापासून मोजायला घेतले.

* * *

आणि हा शेवटचा.

शहरात जमावबंदी होती. हॉस्पिटलच्या गेटवर पोलीस उभे. दुपारी कॉटन ग्रीनच्या कापसाच्या गोदामातला एक हमाल पाच वर्षांच्या मुलाला खांद्यावर टाकून आला. पोरानं खेळताखेळता पत्र्याची इवलीशी शिट्टी तोंडात धरली होती आणि हसताना ती आत गेली होती. श्वासनळीत अडकून बसलेली. श्वास आत, शिट्टी. श्वास बाहेर, शिट्टी.

गेटवरचे हवालदार धावून आले. गलमिश्या, पोट पट्ट्याच्या बाहेर. "कोण वाजवतोय शिट्टी? बंद कर आधी!"

बाप म्हणाला, "सायेब, बंद केली तर मरंल त्यो."

हवालदारांनी वाकून पोराच्या तोंडाशी कान नेला. मग त्यांनी पोराला बापाच्या खांद्यावरून उचललं आणि स्वतःच धावत सुटले. ओपीडीत नेहमीची तोबा गर्दी. पण पोलीस आणि शिट्टी एकदम आल्यावर कोण थांबतंय? क्षणात रस्ता मोकळा.

सरांनी स्टेथोस्कोप काढलाच नाही. म्हणाले, "शिट्टी वाजतेय तोवर श्वास आहे. वाजू दे."

थिएटरात दुर्बीण आत गेली. शिट्टी दिसली, चिमट्यात आली, निसटली, फिरली, आणि आवाज बंद झाला. पोर काळंनिळं पडायला लागलं. दाराबाहेर हवालदार आणि बाप उभे होते. त्यांनाही आवाज थांबल्याचं कळलं. मी पोराची नाडी धरली होती. माझीच मला लागेना. सरांनी चिमटा पुन्हा आत घातला. त्यांच्या हाताला घाई नव्हती, आणि ते बघून मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. मग हात हळूच बाहेर आला आणि ट्रेमध्ये टण्णकन काहीतरी पडलं. पोर खोकलं आणि त्यानं गळा काढला.

"रडू दे," सर म्हणाले आणि स्टुलावर बसले. ऑपरेशननंतर त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पोराला बरं वाटलं आणि त्यानं वॉर्ड डोक्यावर घेतला. "माझी शिट्टी द्या." बापानं समजावलं, मी समजावलं, सिस्टरनी डोळे वटारले. काही उपयोग नाही. घसा सुजलेला, त्यात हा रडतोय. रडून सूज वाढली तर श्वास अडेल, ही आम्हाला काळजी.

तेवढ्यात हवालदार पोराला बघायला वर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग खांद्याच्या दोरीला लावलेली आपली भलीमोठी सरकारी शिट्टी सोडवली आणि पोराच्या हातात दिली.

"ही घे. ही आत जायची नाही."

सिस्टर "अहो, अहो" म्हणेपर्यंत पोरानं ती तोंडात धरली आणि होता नव्हता तेवढा जीव लावून फुंकली.

खाली गेटवरचे सगळे शिपाई लाठ्या उगारून जिना चढत धावत वर आले. पहिला शिपाई दारातच थबकला. "काय झालं, साहेब?"

हवालदारांनी रिकामी दोरी खिशात कोंबली. म्हणाले, "काही नाही. श्वास तपासतोय."