भिवंडीने भरलेली जागा
अंधेरीच्या एका संशोधन संस्थेत कुंदा माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. मुंबई, भिवंडी आणि कोकण यांच्यातल्या देवाणघेवाणीचा तक्ता आम्ही बनवत होतो. आडव्या ओळीत देणारा, उभ्या रकान्यात घेणारा. एक आकडा हलला की बाकीचे सगळे पुन्हा मांडायचे. लोकांना हे काम रुक्ष वाटतं. वाटू दे. कोणाच्या जिवावर कोणाची चूल पेटते, हेच त्यात असतं.

कुंदाचे वडील दत्ताराम कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संपाला दीड वर्ष होत आलं होतं. मरोळच्या एका कारखान्यात वॉचमनची जागा चालून आली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं, नाहीतर ती दुसऱ्याला जाणार. दत्ताराम ऐकेनात.

"गणपतीआधी गिरणी उघडतली. आमी नाय तर मुंबयक कापड कोण देतलो?"

याच भरवशावर त्यांची अर्धी चाळ कोकणात गावी जाऊन बसली होती. मला त्यात वेडेपणा दिसत नव्हता. ज्याने आयुष्यभर कापड विणलं, त्याने दुसरं काय म्हणावं?

तक्त्यात कुंदाने गिरण्यांची ओळ जवळजवळ रिकामी ठेवली. व्यापाऱ्यांच्या रकान्यात खड्डा पडणार अशी तिची खात्री होती, बापाचीच लेक ती. पण नवे आकडे भरत गेली तसा भिवंडीच्या यंत्रमागांनी तो बुजवला. खड्डा पडला तो कोकणात, जिथे मुंबईची मनीऑर्डर जायची.

"झकास, ताळा जुळला," आमचे साहेब म्हणाले. त्यांची काही चूक नव्हती, तरी मला त्यांचा राग आला. कुंदाचे डोळे भरले होते.

रविवारी तिने मला घाटकोपरला जेवायला नेलं. तिच्या आईने, मालनबाईंनी, बांगड्याचं तिखलं वाढलं.

"बाबा, मरोळला हो म्हणा," कुंदा म्हणाली. "कापड कमी पडलेलं नाही. भिवंडीहून येतंय."

"यंत्रमागाचा कापड? एका धुण्यात इरता."

"विरू दे. लोक घेतायत ना."

दत्तारामांचा घास हातातच राहिला.

"म्हंजे आमी संप केलो, आनि कोणाक कळूकच नाय?"

एरवी आमच्यासारखं शहरी मराठी बोलणारी कुंदा हळूच म्हणाली, "गावाक कळला, बाबा."

दत्तारामांनी हातातला घास खाल्ला. मग मालनबाईंना म्हणाले, "सकाळी माका लवकर उठव. मरोळाक जावचा आसा."