गांधीबागेतलं सूतिकागृह

गांधीबागेच्या मागच्या गल्लीत एका डॉक्टरीणबाईंचं जुनं दुमजली घर होतं. वर त्या स्वतः राहायच्या, खाली सूतिकागृह. समोर सागवानी गॅलरी, मागच्या बाजूला बाळंतिणींच्या खोल्या. आसपासच्या मोहल्ल्यांतली निम्मी माणसं तिथंच जन्मलेली. बाई गेल्या, सूतिकागृह बंद पडलं. मग कळलं, की त्यांचा पुण्यातला नातू घर पाडून तिथं कापडाची दुकानं काढणार आहे.

ते घर वारसा वास्तू म्हणून जपलं जावं, यासाठी जुन्या शेजाऱ्यांनी खटपट सुरू केली. आम्ही तर केव्हाच मनीषनगरला राहायला गेलो होतो. तरी माझी बायको प्रत्येक बैठकीला ऑटोनं जायची, दारोदार फिरून लोकांच्या सह्या घ्यायची.

"तू काहून एवढी धावपळ करून राहिली?" मी एकदा विचारलं.

"असंच. जुनं घर आहे."

कारण मला माहीत होतं. आमची पहिली मुलगी त्या घरात जन्मली. सकाळी जन्मली आणि दिवेलागणीच्या आत गेली. तिचं बारसं झालं नाही, फोटोही नाही. पुढे दोन मुलगे झाले, त्यांची लग्नं झाली. मुलीचा विषय आम्ही दोघांनी कधी काढला नाही.

वारसा समितीचे दोघं जण घर पाहायला आले, त्या दिवशी मीही गेलो. सज्जन माणसं होती. बांधकाम केव्हाचं, मूळचं काय काय शिल्लक आहे, इथं कोणी मोठी व्यक्ती जन्मली का, असं विचारत होते. लोक आपापल्या जन्माच्या गोष्टी उत्साहानं सांगू लागले. बायको मागे उभी होती. एकदम म्हणाली, "मोठी झाली नाही जी, पण माझी पोरगी इथं जन्मली होती. ती दुसरीकडं कुठं गेलीच नाही."

त्या दोघांतल्या वयस्करानं हात जोडले. "ताई, हे अहवालात कसं लिहू, मला समजत नाही."

घर यादीत आलं नाही. मधल्या काळात फार बदल झालेत, असं कळवण्यात आलं. नातू भला होता. पाडायच्या आधी एका रविवारी त्यानं घर सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. लोक नातवंडांना घेऊन आले, गॅलरीत उभं राहून फोटो काढले. कोणीतरी समोसे आणले होते. बायको मात्र सरळ मागच्या कोपऱ्यातल्या खोलीत गेली आणि खिडकीपाशी थांबली.

"तुम्ही औषध आणाले गेले होते तवा मी तिले इथं आणलं," ती माझ्याकडं न पाहता म्हणाली. "समोरच्या गच्चीवर लुगडी वाळत होती. मी म्हटलं, पाह्य वं बाई, किती रंग आहेत. तिनं डोळे उघडले होते."

"मले कधी सांगितलं नाही तू."

"कशी सांगू? तुम्ही आले तेच रडत आले."

मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. समोर आता गच्ची नव्हती, जाहिरातीच्या फलकाची पाठ होती. अंगणातून कोणीतरी सगळ्यांच्या फोटोसाठी हाका मारत होतं. आम्ही गेलो नाही.

जाताना लोकांनी आठवण म्हणून कोणी फरशी नेली, कोणी दाराची कडी. बायकोनं काही घेतलं नाही. ऑटोत ती माझा हात धरून बसली होती. इतक्या वर्षांत चारचौघांत तिनं माझा हात धरलेला मला आठवत नाही.

आता तिथं दुकानं आहेत. नातवानं भिंतीवर एक पाटी लावली आहे, इथं सूतिकागृह होतं म्हणून. मी एकटाच जाऊन ती वाचून आलो आणि घरी सांगितलं.

"बरं झालं," बायको म्हणाली. आणखी काही विचारलं नाही. साडी घ्यायची असली, की सुना तिला गांधीबागेत चला म्हणतात. ती म्हणते, तुम्हीच पाहून घ्या.